पाठमोरा

त्याची पाठ मी जेवढी बघितली तेवढं माझ्या बायकोचं तोंडही बघितलं नसेल. फुटबॉलच्या गोलीचं नशीबच तसं. पुढं खेळणारा गोल मारून नाचतो, लोक त्याचं तोंड ओळखतात. गोलीला दिसते ती आपल्या बॅकची पाठ. डाव्या खांद्याखाली भिजल्या जर्सीतून दिसणारा टाक्यांचा जुना वण, मानेला घामानं चिकटलेले केस, आणि जर्सीवर बहिणीनं हातानं शिवलेला पाचाचा आकडा. तो आकडा एका बाजूनं जरा उसवलेला असायचा. मी म्हणायचो, "शिवून घे की." तो म्हणायचा, "मला कुठं दिसतो? तुला दिसतो, तू शिव."

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, निघू द्या. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर लिहितो." मी नाही म्हटलं. लिहून देणारा त्यात आपलं काहीतरी घालतो, नाहीतर माझं काहीतरी गाळतो. ह्यातलं काही गाळायचं नाही.

गावात त्याला कवाड म्हणायचे. मैदानावर तो उतरला की इतवारा, शनवारा, लालबाग, सगळीकडून आलेली माणसं ओरडायची, "कवाड लाव रे भो!" आणि तो खरंच लावायचा. अंगानं काही दांडगा नव्हता. उंच होता, पण बारीक, केळीच्या झाडासारखा. समोरच्याला धक्का मारताना मी त्याला क्वचित बघितलं. तो नुसता जाऊन उभा राहायचा. पुढं येणाऱ्याला वाटायचं आता ह्याच्या डावीकडून काढतो, तर हा डावीकडं आधीच उभा. उजवीकडं बघावं तर तिथं रस्ता मोठा दिसायचा, आणि त्या रस्त्यानं गेलं की पुढं बाहेरची रेघ.

चेंडूकडं तो बघायचाच नाही. हे लोकांना खरं वाटत नाही. तो म्हणायचा, "चेंडू फसवतो. पाय फसवतात. डोळे तर पक्के चोर. माणसाची कंबर बघावी. जिकडं जायचं असतं तिकडं कंबर आधी वळते." ही खोड त्याला बाजारातही सुटली नाही. किराण्याच्या दुकानात उभा असला तरी गिऱ्हाइकांच्या कंबरा बघायचा. माझ्या कानात सांगायचा, "ही बाई आता न घेता जाणार." आणि ती जायची. लग्नात मांडवाच्या तोंडाशी असा उभा राहायचा की वऱ्हाडाला त्याच्या बाजूनं एकेक करून आत जावं लागायचं. एकदा नवरदेवाची घोडीच अडली. नवरदेवाचा मामा चिडला, "अहो, सरका ना! दाराला कुलूप लावलं का?" तो सरकला, पण एकच पाऊल. घोडी गेली, मामा मागंच राहिला.

दुसरी खोड चड्डीची. मैदानातून तो बाहेर यायचा तेव्हा पांढरी चड्डी पांढरीच. पावसातली मॅच असो की चिखलातली. जमिनीवर लोळून चेंडू काढणारे बॅक लोकांना फार आवडतात, टाळ्या पडतात. ह्याला त्याची चीड. "बॅकची चड्डी मळली की समज, त्यानं आधी कुठंतरी झोप काढली. मग उशिरा धावतो, लोळतो, आणि लोक म्हणतात वा वा. लोकांसाठी खेळायचं नाही. आपली जागा सोडायची नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. माझी चड्डी रोज मळायची. मला उडी मारायला आवडायचं.

आम्ही दोघं एकाच गल्लीतले, यंत्रमागांच्या खटखटीत वाढलेले. त्याचा बाप लवकर गेला, माझा दारूत गेला. मैदानावर आधी तो उभा राहिला, मग मी त्याच्या मागं. तेव्हापासूनचं आमचं एक ठरलेलं होतं, आणि ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या काळी बॅकनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलीनं हातानं उचलला तरी चालायचं. आता चालत नाही. सगळे बॅक असा चेंडू गोलाच्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला देतात. गोलीचा हुकला तरी कॉर्नर जाईल, गोल होणार नाही. शहाणपण त्यातच आहे. पण आमच्या मैदानाला उजव्या खांबाबाहेर मुरमाचा उतार होता. तिथं पडलेला चेंडू थांबायचाच नाही, घरंगळत बाहेर जायचा. प्रत्येक वेळी कॉर्नर. म्हणून आम्ही दोघांनी लहानपणीच ठरवलं, खांबाच्या आत दोन पावलं. तिथं माझी जागा. समोरचा अंगावर आला की हा चेंडू तळपायाखाली घ्यायचा आणि मागं न बघता विचारायचा, "आहेस?" मी म्हणायचो, "आहे." की टाचेनं चेंडू मागं. तो माझ्या हातात येऊन बसायचा. लोकांना वाटायचं जादू आहे. जादू काही नव्हती. तो विचारायचा आणि मी असायचो.

खंडव्याच्या एका सामन्यात कुणा बाहेरच्या माणसानं त्याला हेरलं आणि मुंबईला नेलं. तिथून दोन वर्षांनी कलकत्त्याला. पैसे घेऊन फुटबॉल खेळणारा आमच्या गावातला तो पहिला माणूस आणि माझ्या माहितीत शेवटचा. एकूण अकरा सीझन खेळला. कलकत्त्यातलं पहिलं वर्ष नुसतं बाकावर बसून काढलं. मी विचारलं, "इतकं बसून काय केलं?" म्हणाला, "शिकलो. बाकावरून सगळ्यांच्या कंबरा दिसतात."

त्या अकरा वर्षांबद्दल तो ह्यापेक्षा फार बोलला नाही. लोक घेरून बसायचे, मोठमोठ्या खेळाडूंची नावं काढायचे. "त्याला तुम्ही अडवलं होतं का हो? कसा होता?" हा म्हणायचा, "तोंड नाही आठवत. कंबर सांगू का?" लोक हसून उठून जायचे. त्याच्याकडं पेपरातले चौदा फोटो होते, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले. सगळ्या फोटोंत समोरून येणारा कुणीतरी नामांकित खेळाडू, आणि त्याच्यासमोर ह्याची पाठ. चौदांपैकी एकातही तोंड नाही. खाली नाव छापलेलं, तेही समोरच्याचं.

उजवा गुडघा दोनदा कापल्यावर क्लबाचं पत्र आलं की पुढच्या सीझनला गरज नाही. पत्र दोन ओळींचं होतं. ट्रंक घेऊन तो परत आला. इथल्या मिलच्या मालकाला संघ मोठा करायचा होता. त्यानं ह्याला कापड तपासायच्या खात्यात चिकटवलं आणि संघात घेतलं. मी आधीपासून मिलमध्येच होतो, साच्यावर कापड विणायला. अकरा वर्षांनी पुन्हा ती पाठ माझ्यासमोर आली. पहिल्या मॅचला त्यानं चेंडू पायाखाली घेतला आणि मागं न बघता विचारलं, "आहेस?" मी म्हटलं, "आहे."

आम्ही तीन वर्षं असे खेळलो. त्याला गुडघा वाकवता येत नव्हता, तरी त्याच्या बाजूनं कुणी आत आलं नाही. त्याची एकच इच्छा होती. खेळ संपल्यावर मैदानावर पोरांना शिकवायचं. सकाळचा एक तास. "पुढं पळायला सगळे शिकवतात," म्हणायचा, "उभं राहायला कुणी शिकवत नाही." मालकानं शब्द दिला होता की ह्या वर्षी कप आला की मैदान तुझं.

त्या वर्षी फायनलला बाहेरगावचा रेल्वेचा संघ आला. त्यांचा पुढचा खेळाडू कलकत्त्याला ह्याच्याबरोबर एकाच खोलीत राहिलेला. आदल्या दिवशी ह्यानं त्याला चौकात नेऊन माव्याची जिलेबी खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाही. मॅचच्या आधी तो जिलेबी खायचा नाही आणि जिंकल्यावरही खायचा नाही. हरल्यावर मात्र एकटा जाऊन खायचा. "जिंकल्यावर खाऊ घालणारे पुष्कळ. हरल्यावर आपली आपण खावी लागते."

त्या मॅचला माझ्याकडं चेंडूच येईना. ह्यानं कवाड असं लावलेलं की अर्धी मॅच मी नुसता उभा. माझ्या गोलाच्या मागं बसलेल्या टोळक्याला मस्करी सुचली. एकजण ओरडला, "कवाड आहे तर गोली कशाला?" दुसरा म्हणाला, "अरे, झोप लागली त्याला, खाट आणा." तिसऱ्यानं चहावाल्याची खुर्ची उचलून आणली आणि जाळीच्या मागं ठेवली. "बैठिए साहब, थक गए होंगे." माणसं पोट धरून हसली. त्यात माझा मेहुणा होता. माझ्या गल्लीतल्या बायका होत्या.

मी लहान होतो असं म्हणायची सोय नाही. तिशी उलटली होती, दोन पोरांचा बाप होतो. पण त्या खुर्चीनं माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, आता जो चेंडू येईल तो मी पुढं जाऊन, झेप घेऊन काढणार. ह्या लोकांना गोली दाखवतो. म्हणून मी माझी जागा सोडली. सहा-सात पावलं पुढं आणि डावीकडं जाऊन उभा राहिलो.

मॅच संपायला थोडी मिनिटं होती. दोन्हीकडं गोल नाही. रेल्वेवाल्यानं लांब चेंडू मारला, त्यांचा तो जिलेबी खाल्लेला पुढचा धावला. हा आधी पोचला. चेंडू तळपायाखाली घेतला. पाठ माझ्याकडं. विचारलं, "आहेस?"

मी म्हणालो, "आहे."

का म्हणालो? चाळीस-पंचेचाळीस वर्षं विचार करून राहिलो. जिभेला सवय होती असं सांगता येईल. पण ते पुरं खरं नाही. एक क्षण होता. त्या क्षणात मला कळलं होतं की मी जागेवर नाही. "नाही" म्हणायला तेवढाच वेळ लागला असता. पण "नाही" म्हटलं असतं तर ह्याला कळलं असतं की मी जागा सोडली. ते मला नको होतं. वाटलं, पोचेन.

त्या ओरड्यात आवाज आला एवढं कळतं, कुठून आला ते कळत नाही. ह्यानं टाचेनं चेंडू मागं दिला. नेमका खांबाच्या आत दोन पावलं. हळू दिला होता, नेहमी द्यायचा तसा, माझ्या हातात बसावा म्हणून. इतका हळू की मला वाटलं रेघेवर थांबेल. मी उडी मारली. माझ्या बोटांपासून हातभर अंतरावरून तो रेघ ओलांडून गेला.

हजारभर माणसं एकदम गप्प झाली. तेव्हा तो मागं वळला. आधी चेंडू बघितला, मग खांब, मग मी जिथं मातीत पडलो होतो ती जागा. आणि हात वर केला. चूक केलेला खेळाडू करतो तसा, सगळ्यांना दिसेल असा.

गावानं बघितलं होतं ते एवढंच. कवाडानं स्वतःच्या गोलात चेंडू घातला. गोली कुठं उभा होता ते कुणी बघितलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे चेंडूवर. आणि आदल्या दिवशीची जिलेबी मात्र अर्ध्या गावानं बघितली होती. संध्याकाळपर्यंत चौकात ठरून गेलं, पैसे खाल्ले. मिलच्या सेक्रेटरीनं आम्हा दोघांना बोलावलं. ह्याला विचारलं, "काय झालं?" हा म्हणाला, "पाय माझा होता. मी दिला." मग मला विचारलं, "तू मागं होता. तू सांग."

मी म्हणालो, "त्यानं मागं न बघता दिला, साहेब."

ह्यात एक अक्षर खोटं नाही. मला पुढं पुष्कळ वर्षं ह्याच गोष्टीचा आधार वाटायचा.

महिन्याभरात त्याला मिलमधून कमी केलं. नंतर तो केळीच्या आडतीवर लागला, ट्रकात घड चढवताना उभं राहून मोजायचं काम. मैदान त्याला मिळालं नाही. मी अजून पाच वर्षं खेळलो, मग मिल सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोकांनी मला जुना गोली म्हणून मान दिला. टूर्नामेंटच्या कमिटीत घेतलं. पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

एवढं झाल्यावर माणूस तोंड बघणार नाही असं तुम्हाला वाटेल. तो रोज चार वाजता माझ्या दुकानावर यायचा. चहा प्यायचा. खोक्यावर बसायचा, माझ्याकडं तोंड करून. आडतीवरल्या गोष्टी सांगायचा, हमालांच्या नकला करायचा. त्या मॅचचा शब्द त्यानं माझ्यापाशी कधी काढला नाही. फक्त एक गोष्ट झाली होती. तो मला पाठ दाखवत नव्हता.

पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं नाही. मग आलं. चहा संपला की उठायचा, "येतो" म्हणायचा आणि उलट्या पावलांनी मागं जायचा. विजेच्या खांबापर्यंत. खांबाच्या पलीकडं गेल्यावर मग वळायचा. शेजारचा शिंपी म्हणायचा, "दादा, किती मान देतो हो हा माणूस तुम्हाला! देवळातून निघावं तसा निघतो." मी म्हणायचो, "जुना दोस्त आहे." आणि पान्यानं नट आवळत बसायचो.

दरवर्षी टूर्नामेंटच्या आधी तो कमिटीकडं अर्ज आणायचा. साध्या कागदावर, दोन ओळी. सकाळी एक तास पोरांना शिकवू द्यावं, पगार नको. अध्यक्ष तो कागद वाचायचे आणि म्हणायचे, "लोक काय म्हणतील? ज्यानं मॅच विकली तो पोरांना काय शिकवणार?" मग माझ्याकडं बघायचे. "तुम्ही होतात त्या मॅचला. तुम्ही सांगा." मी पंख्याकडं बघायचो. अध्यक्ष बदलले, पंखा बदलला, मी तोच. चार वाजता तो चहाला यायचा आणि विचारायचा, "यंदाही नाही?"

"नाही."

"बरं."

एकदा फुटबॉलचा नियम बदलला. बॅकनं पायानं दिलेला चेंडू गोलीनं हातात घ्यायचा नाही असं आलं. शिंप्यानं पेपरात वाचून दाखवलं. तो कपातला चहा हलवत म्हणाला, "बरं झालं. आता बॅकला मागं बघायची सवय लागेल." माझ्याकडं बघून नाही म्हणाला, कपाकडं बघून म्हणाला. मी खाली वाकून टायरमधली हवा बघितली. हवा भरपूर होती.

त्यानं लग्न केलं नाही. बहीण विधवा होऊन घरी आली होती, तिची एक मुलगी. मैदान मिळालं नाही तेव्हा त्यानं त्या भाचीला गल्लीत उभं केलं. दोन्ही बाजूंनी माग खटखटतायत, मधल्या बोळात हा पाठमोरा, आणि मागं भिंतीपाशी फ्रॉक घातलेली पोरगी. हा विचारायचा, "आहेस?" ती ओरडायची, "आहे मामा!" की चेंडू मागं. मी एकदा सायकलवरून जाताना बघितलं आणि पुढल्या बोळातून फिरलो. पुन्हा त्या बोळातून गेलो नाही.

लोक त्याला तोंडावर विचारायचे, कारण गावाला लाज नाही. "कवाड, सगळ्या आयुष्यात गोल किती केले?" तो न चिडता सांगायचा, "एक. बघायला हजार माणूस होता."

मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. भाची रात्रंदिवस तिथंच. तिचा नवरा खकनार गावात मास्तर, तो शनिवारी यायचा. ही आता स्वतः पन्नाशीला आलेली बाई. मी दुपारी जाऊन बसायचो. पुढं ह्याला उताणं झोपलं की श्वास लागू लागला, म्हणून कुशीवर, भिंतीकडं तोंड करून झोपवलं. त्या दुपारी मी गेलो तेव्हा भाची औषध आणायला खाली गेली होती. आणि मला त्याची पाठ दिसली. इतक्या वर्षांनी. मणके मोजता आले असते. टाक्यांचा वण तसाच होता, फक्त कातडी सैल पडून तो खाली सरकला होता.

त्याला पावलं कळली असावीत. भिंतीकडं बघूनच म्हणाला, "आहेस?"

मी स्टूल ओढलं. बसलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता, तो थांबेपर्यंत वाट बघितली. आयुष्यात मी कुणाची माफी मागितली नाही. बापाची नाही, बायकोची नाही. माझ्यानं तो शब्द होत नाही. जे झालं ते म्हणालो.

"नव्हतो."

तो मग म्हणाला, "ते मला माहीत आहे रे. तेव्हाचं कोण विचारून राहिलं? आता आहेस का?"

"आहे."

"मग बस."

मी बसलो. पण माझ्यात आता वारं शिरलं होतं. एवढं एक निघालं तर सगळंच काढून टाकावं असं वाटलं. म्हटलं, "उद्या मैदानावर फायनल आहे. मी माईकवर सांगतो. सगळ्या गावासमोर सांगतो, तू विकली नव्हती, मी जागा सोडली होती."

"काही गरज नाही."

"सांगणार."

"कुणाला सांगतो? ज्यांनी शिव्या दिल्या ते गेले सगळे. तू इथं बस. जागा सोडू नको."

"तासाभरात येतो की परत."

तो हसल्यासारखा खोकला. "न बघता सांगतो," म्हणाला, "कंबर वळली तुझी."

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मैदानावर गेलो. भाचीला म्हटलं, "आलोच." ती म्हणाली, "काका, आज ते जास्त थकलेत. नंतर जा ना." मी म्हटलं, "त्यांच्याच कामाला चाललो आहे."

बक्षिसांच्या आधी मी माईक मागून घेतला. सगळं सांगितलं. खांबाच्या आत दोन पावलं, खुर्ची, "आहेस" आणि "आहे". मंडपात एकजण फोनवर बोलत होता, तो बोलतच राहिला. जिंकलेल्या संघातली पोरं एकमेकांचे फोटो काढत होती. कमिटीचा नवा सेक्रेटरी जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, कोणती मॅच? आवरा ना, पाहुण्यांना उशीर होऊन राहिला." मी त्याला जुमानलं नाही, शेवटपर्यंत बोललो. मी थांबल्यावर निवेदकानं माईक घेतला आणि म्हणाला, "ये थे हमारे शहर के वरिष्ठ गोलकीपर, इनके अनुभव के लिए ज़ोरदार तालियाँ!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मला शाल घातली, हातात नारळ दिला. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मात्र टाळी न वाजवता माझ्याकडं बघत होता. खुर्ची आणणाऱ्यांतला असेल असं वाटलं. जवळ गेलो तर तो दुसराच कुणीतरी होता, त्याला ऐकू येत नव्हतं.

शाल अंगावर तशीच ठेवून मी दवाखान्यात परत आलो. खाट रिकामी होती. चादर काढलेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी भाचीकडं गेलो. फ्रेमसाठी फोटो हवा होता. तिनं बिस्किटाचा डबा जमिनीवर ओतला होता, आणि चौदा पाठी फरशीवर पसरल्या होत्या. ती म्हणाली, "काका, हार कशाला घालू? एकातही मामांचं तोंड नाही." शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणायचं ठरलं. त्यात तो दचकल्यासारखा दिसतो.

मी विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

ती फोटो गोळा करत होती. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर झोपले होते. चारच्या सुमाराला जरा हलले. भिंतीकडंच तोंड होतं. म्हणाले, आहेस?"

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, आहे मामा. लहानपणी म्हणायचे तशी." तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मला विचारलं की तुम्हाला विचारलं, ते काही कळलं नाही. पण त्यांचा श्वास सावकाश झाला. मग थांबला."

ती "आहे" म्हणाली तेव्हा ती होती.